चौकशी कोणाच्या चित्ताची? : प्रा. मार्क गॅलँटर यांच्या कायदाविषयक ग्रंथांचे पुनर्वाचन

अस्पृश्यतानिर्मूलनाचे कायदे, राखीव जागांचे धोरण आणि न्यायालयांनी त्यांचा लावलेला अर्थ या विषयांवर जे विदेशी विद्वान अधिकाराने लिहीत आले, त्यांत अमेरिकेतील प्रा. मार्क गॅलँटर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांचा 'कॉम्पिटिंग इक्वॉलिटीज' हा बृहद्ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या भारतविषयक निबंधांचा 'लॉ अँड सोसायटी इन मॉडर्न इंडिया' हा संग्रह राजीव धवन यांच्या संपादनाखाली १९८९ मध्ये आला. राखीव जागांवरील कोणत्याही गंभीर चर्चेत हे दोन ग्रंथ आजही उद्धृत होतात. आपल्याकडील वकील आणि प्राध्यापकही ते उद्धृत करतात. परंतु उद्धृत करणे निराळे आणि वाचणे निराळे. या ग्रंथांत बौद्धांविषयी जे आहे त्याची बौद्धांनी स्वतः केलेली चिकित्सा मराठीत फारशी झालेली नाही. ती करण्याचा हा अल्पसा प्रयत्न होय.

गॅलँटर यांचा मोठेपणा कशात आहे, हे आधी मोकळेपणाने सांगितले पाहिजे. भारतीय कायद्यावर लिहिणाऱ्या बहुतेक पंडितांची नजर घटनेच्या शब्दांवर खिळलेली असते. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली असे म्हणून ते पुढे जातात. गॅलँटर तिथे थांबतात आणि विचारतात, नष्ट केली म्हणजे नेमके काय केले? कोणत्या न्यायालयाने, कोणत्या खटल्यात, कोणत्या कारणास्तव आरोपीस सोडले? 'अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५' या कायद्याचे त्यांनी केलेले परीक्षण याच पद्धतीचे आहे. जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड एवढीच शिक्षा सांगणारा तो कायदा प्रत्यक्षात किती दुबळा ठरला, हे त्यांनी निकालपत्रांतून दाखवून दिले. ज्यांना 'कायदा झाला म्हणजे काम झाले' असे वाटते, त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

त्यांचा दुसरा गुण म्हणजे न्यायालयाबद्दल त्यांच्या मनात भाबडी भक्ती नाही. १९७४ मधील त्यांचा एक निबंध जगभर गाजला. न्यायालयात वारंवार येणारा पक्षकार आणि आयुष्यात एकदाच येणारा पक्षकार यांत पहिला का जिंकतो, हे त्यांनी तिथे उकलले. नियम दोघांना सारखेच असतात. परंतु पहिल्याला सवड असते, अनुभव असतो, ओळखीचा वकील असतो आणि एखादा खटला हरणे त्याला परवडते. गावातील पाटील आणि गावकुसाबाहेरील फिर्यादी यांचे याहून नेमके वर्णन दुसरे नसेल. जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. भोपाळच्या वायुकांडाचा खटला अमेरिकेच्या न्यायालयात उभा होता तेव्हा भारतातील न्यायव्यवस्था हे काम पेलू शकणार नाही, असे प्रतिज्ञापत्र भारत सरकारच्या बाजूने याच गॅलँटर यांनी दिले होते. आणि ती समर्थ आहे असे युनियन कार्बाइडच्या बाजूने सांगितले ते नानी पालखीवाला यांनी. १९८६ मध्ये न्यायाधीशांनी पालखीवालांची बाजू उचलून धरली आणि खटला भारतात पाठविला. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू. न्यायालये जातीकडे कोणत्या दृष्टीने पाहतात याचे गॅलँटर यांनी चार प्रकार कल्पिले आहेत. त्यांपैकी दोन आपल्या कामाचे आहेत. एका दृष्टीप्रमाणे जात हा हिंदू धर्माच्या पवित्र-अपवित्र उतरंडीतील एक पायरी होय. जो त्या धर्माबाहेर गेला त्याला पायरीच उरली नाही. दुसऱ्या दृष्टीप्रमाणे जात ही एक संघटना होय. तिचे सभासद कोण, हे तिच्या अंतर्गत व्यवहारावरून ठरते. पहिली दृष्टी धर्मशास्त्राची, दुसरी व्यवहाराची. आपले दोन खटले या दोन दृष्टींची उदाहरणे म्हणून ते देतात. त्यांपैकी एक भंडाऱ्याचा आणि दुसरा नागपूरचा आहे. दोन्ही ठिकाणे आपल्या वाचकांना परकी नाहीत.

भंडाऱ्याचा खटला चतुर्भुज विठ्ठलदास जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम या नावाने कायद्याच्या पुस्तकांत आहे. निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, १९५४ चा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा लोकसभा मतदारसंघातून राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी उमेदवारी अर्ज भरला. ते महार होते. परंतु त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला होता. या पंथात जातिभेद मानीत नाहीत, म्हणून ठवरे महार राहिले नाहीत, असा आक्षेप आला आणि अर्ज फेटाळला गेला. सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी तपासल्या. जुन्या समाजाने त्या माणसास बाहेर काढले काय? त्याचा स्वतःचा हेतू कोणता? नव्या पंथाचे नियम काय सांगतात? ठवरे यांचे लग्न महार समाजात झाले होते, ते स्वतःला महार म्हणवीत, समाजही त्यांना आपलाच मानी. म्हणून ते महारच, असा निर्णय झाला. चक्रधरांनी तेराव्या शतकात ज्या पंथात जात सोडायला सांगितली, त्या पंथात सातशे वर्षांनंतर शिरलेल्या माणसाची जात विसाव्या शतकातील न्यायालयाने त्याला सन्मानाने परत केली. त्याच वर्षी भंडाऱ्यास पोटनिवडणूक झाली आणि तिच्यात राखीव जागेवर स्वतः बाबासाहेब उभे राहिले व पराभूत झाले, हे आपणा सर्वांना माहीत आहे. त्या पराभवाविषयी आपण पुष्कळ बोलतो. ठवरे यांच्या खटल्याविषयी कोणी बोलत नाही.

नागपूरचा खटला पंजाबराव विरुद्ध मेश्राम हा होय. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या उमेदवाराने बौद्ध धम्म स्वीकारला होता, म्हणून तो अनुसूचित जातीचा राहिला नाही, असा दावा होता. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या राष्ट्रपती-आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा समजले जाणार नाही, अशी तरतूद होती. उमेदवाराचे म्हणणे, मी धर्मांतर केलेले नाही. मग पुरावा पुढे आला. शिवमंदिराचे बुद्धमंदिरात रूपांतर करण्याच्या चळवळीतील त्याचा सहभाग आणि घरच्या लग्नपत्रिका त्यात होत्या. एखादा धर्म मानणे म्हणजे तो जाहीरपणे स्वीकारणे, आणि असा जाहीर स्वीकार सिद्ध झाला की आणखी काही तपासण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ठरविले. निवडणूक गेली.

हे निकालपत्र आपल्या लोकांनी मुळातून वाचावे असे आहे. १९५६ नंतर नागपूरच्या वस्त्यांतून जे जे अभिमानाने केले गेले, ते ते येथे साक्षीपुराव्याच्या यादीत एखाद्या गुन्ह्याच्या मुद्देमालासारखे मांडलेले दिसते. लग्नपत्रिकेवरील देवाचे चित्र जाऊन बुद्धाचे यावे यासाठी कित्येक घरांत वडीलधाऱ्यांशी भांडणे झाली असतील. तीच पत्रिका अपात्रतेचा दाखला ठरली. आणि याच ठिकाणी उमेदवाराची बाजूही आपण प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. मी बौद्ध नाही, असे त्यास न्यायालयात सांगावे लागले. त्याने तसे सांगावयास नको होते असे म्हणणे सोपे आहे. परंतु धम्म आणि प्रतिनिधित्व यांपैकी एक निवड, असे ज्या कायद्याने त्याला बजावले, त्या कायद्यापासून चौकशी सुरू व्हावी, हे उचित.

या निकालानंतर दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, अहमदाबादच्या स्वामिनारायण सत्संगी पंथाच्या मंदिरप्रवेशाचा निकाल लागला. सत्संगी हे हिंदूच, असे ठरविताना न्या. गजेंद्रगडकर यांनी हिंदू धर्माची व्याप्ती वर्णिली. त्या वर्णनात भगवान बुद्धांचे नाव सुधारकांच्या मालिकेत येते आणि त्या सर्वांच्या शिकवणुकीत एक सूक्ष्म एकता असल्याने ते व्यापक हिंदू धर्माच्या कक्षेत राहिले, असा अभिप्राय व्यक्त होतो. म्हणजे १९६४ मध्ये नागपूरचा बौद्ध हिंदू नाही म्हणून त्याची जागा जाते. आणि १९६६ मध्ये स्वतः तथागतांना हिंदू धर्माच्या अंगणात नेऊन बसविले जाते. गॅलँटर यांनी १९७१ च्या आपल्या निबंधात सत्संगी निकालावर कडक टीका केली आहे. धर्म कोणता खरा आणि कोणता विकृत, हे ठरविण्याचे काम न्यायाधीशांनी अंगावर घेऊ नये, असा तिचा आशय. ती टीका आम्हांस मान्य आहे. मात्र हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले तर जे दिसते ते कायद्याच्या तत्त्वज्ञानाहून साधे आहे. बौद्धास आत घेण्यात ज्याचा लाभ असेल तेव्हा तो आत, आणि बाहेर ठेवण्यात असेल तेव्हा बाहेर.

गॅलँटर यांची सहानुभूती भंडाऱ्याच्या निकालाकडे आहे. तो व्यवहार पाहतो, शास्त्र पाहत नाही. धर्माच्या कसोटीऐवजी प्रत्यक्ष वस्तुस्थितीची कसोटी लावतो, म्हणून तो त्यांना अधिक शहाणपणाचा वाटतो. नागपूरच्या निकालाशी तुलना केली तर हे खरेच आहे. तथापि आमचा मतभेद येथून सुरू होतो.

भंडाऱ्याच्या तीन प्रश्नांकडे पुन्हा पाहा. जुन्या समाजाने काढले काय, म्हणजे महारांनी काढले काय. हेतू काय, म्हणजे ठवरे यांचा हेतू काय. नियम कोणते, म्हणजे नव्या पंथाचे. विहिरीवर पाणी भरू न देणारा, हॉटेलात वेगळी कपबशी ठेवणारा, मेलेले ढोर ओढायला बोलावणारा जो गाव, त्या गावाला या तिन्हीपैकी एकही प्रश्न विचारलेला नाही. अस्पृश्यता ही अस्पृश्याच्या मनात नसते. ती पाळणाऱ्याच्या मनात असते. तरीही तिची चौकशी करायची वेळ आली की कायदा ज्याच्यावर ती लादली गेली त्याच्या मनाचा झाडा घेतो. नागपूरचा निकाल हा झाडा धर्मशास्त्राच्या काठीने घेतो, भंडाऱ्याचा निकाल सौम्य हाताने घेतो. झाडा ज्याचा घेतला जातो तो माणूस तोच आहे.

विनयपिटकाच्या अभ्यासकास हा दोष चटकन जाणवावा. भिक्षुसंघाचे नियम आणि राज्याचा कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य करूनच ही तुलना करीत आहोत. सुत्तविभंगात प्रत्येक शिक्षापद त्याच्या निदानासह येते. कोठे, कोणाकडून, कोणत्या प्रसंगी काय घडले, हे आधी, नियम नंतर, मग गरज पडल्यास अनुप्रज्ञप्ती, म्हणजे आजच्या भाषेत दुरुस्ती, मग शब्दन् शब्दाचा अर्थ, आणि मग निरनिराळ्या प्रकरणांचा निवाडा. या निवाड्यांत तथागत ज्याच्याकडून कृत्य घडले त्या भिक्षूस, त्या वेळी तुझे चित्त कसे होते, असे विचारतात. कृत्याचा बळी ठरलेल्याच्या श्रद्धेची झडती तेथे होत नाही. हा विनय राजगृहाच्या संगीतीत ज्यांनी सांगितला ते उपाली जन्माने न्हावी होते, आणि शाक्य राजपुत्रांच्या आधी त्यांना प्रव्रज्या देण्यात आली ती शाक्यांचा अभिमान उतरावा म्हणून, अशी चुल्लवग्गातील कथा आहे. जन्माचा अभिमान हा रोग अभिमान बाळगणाऱ्याचा, ही जाण त्या कथेच्या मुळाशी आहे. घटना समितीतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्षुसंघाच्या सभाशास्त्राचा जो उल्लेख केला तो आपण वारंवार सांगतो. संघाच्या न्यायशास्त्राचा असा विचार मात्र कायद्याच्या अभ्यासात अद्याप आलेला नाही.

१९५५ च्या अधिनियमाचे गॅलँटर यांनी केलेले परीक्षण या दृष्टीने पुढे नेले तर काय दिसते, ते पाहू. त्या कायद्यात कलम १२ ही एक चांगली तरतूद होती. अपराध अनुसूचित जातीच्या व्यक्तीसंबंधात घडला असेल तर तो अस्पृश्यतेच्या कारणानेच घडला असे न्यायालयाने गृहीत धरावे, आणि तसे नसल्याचे आरोपीने सिद्ध करावे. म्हणजे येथे कायद्याने प्रथमच योग्य माणसाला प्रश्न विचारला होता. परंतु अनुसूचित जातीची व्यक्ती कोण? जी राष्ट्रपती-आदेशात बसते ती. १९५६ च्या अशोक विजयादशमीस ज्यांनी दीक्षा घेतली, ते त्या आदेशाबाहेर गेले, आणि त्याबरोबर या गृहीतकाचे संरक्षणही गेले. विहिरीवर त्यांना अडविणाऱ्याचे मन बदलले नव्हते. पण ते मन सिद्ध करण्याचा भार आता त्यांच्यावर आला. आणि याच कायद्याच्या कलम ३ मध्ये, मंदिरप्रवेशाच्या प्रयोजनापुरते, बौद्ध, शीख व जैन यांना हिंदू मानावे असे स्पष्टीकरण होते! ज्या मंदिरात जाण्याची इच्छाच बौद्धाने सोडून दिली, त्या मंदिराच्या दारात कायदा त्याला हिंदू म्हणून उभा करतो. आणि ज्या विहिरीचे पाणी त्याला हवे, त्या विहिरीवर तो अनुसूचित जातीचा नाही. काळारामाच्या सत्याग्रहानंतर बाबासाहेबांनी मंदिरप्रवेशाचा मार्ग का सोडला, हे ज्यांना उमगले आहे त्यांना या विनोदाची कटुता समजावून सांगावी लागणार नाही.

१९७६ मध्ये हा कायदा 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' झाला. १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. शिक्षा कितीतरी वाढली. विशेष न्यायालये आली. परंतु कलम १२ मधील ते गृहीतक नव्या कायद्याने तसेच्या तसे घेतले नाही. गंभीर गुन्ह्यांसाठीच्या कलम ३(२)(५) मध्ये, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे या कारणास्तव गुन्हा घडला, हे आता फिर्यादी पक्षास सिद्ध करावे लागे. याचा परिणाम कोठे झाला, हे सांगण्यासाठी आपणास पुन्हा भंडाऱ्यासच जावे लागते. २००६ च्या २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, त्यांपैकी सहा जणांस फाशी सुनावली. मात्र अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे म्हटले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची शिक्षा दिली आणि त्या कायद्याबाबतचा निष्कर्ष तसाच ठेवला. हत्या सूडातून झाली, जातीच्या कारणाने नव्हे, असे मानले गेले.

सूड आणि जात हे दोन पर्याय आहेत, असे न्यायालयास का वाटले? एका गावात एक बौद्ध कुटुंब साक्ष देते, आणि ती साक्ष देण्याचे त्याने धाडस केले हाच राग ठरतो. त्या रागात जात नाही असे म्हणायला जात म्हणजे केवळ विटाळ, अशी समजूत असावी लागते. गॅलँटर यांनी ज्या पहिल्या दृष्टीचे वर्णन केले तीच ही दृष्टी. १९६० च्या दशकातील निकालांत त्यांना ती दिसली होती. २०१० मध्येही ती तशीच होती. त्यांच्या विश्लेषणाचे बळ येथे दिसून येते, हे आम्ही आनंदाने नमूद करतो. आनंदाचे कारण मात्र दुसरे काही नाही. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २०१६ पासून अमलात आली, 'या कारणास्तव' याऐवजी 'हे माहीत असताना' असा बदल त्या कलमात झाला. आणि आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असल्यास त्याला जात माहीत होती असे गृहीत धरावे, अशीही तरतूद आली. एकसष्ट वर्षांनी प्रश्न पुन्हा योग्य माणसाकडे वळू लागला. विनयाच्या भाषेत ही अनुप्रज्ञप्ती होय. तिचे निदान काय, हे मात्र कायद्याच्या पुस्तकात कोठेही छापलेले नाही.

गॅलँटर यांच्या पद्धतीची मर्यादा हीच. त्यांची सामग्री मुख्यतः छापील निकालपत्रांची, अधिनियमांची आणि शासकीय अहवालांची आहे. निकालपत्रात प्रज्ञप्ती असते. निदान गाळलेले असते. उमेदवाराच्या लग्नपत्रिकेचा उल्लेख येतो; ती पत्रिका छापण्यापूर्वी काय घडले, याचा येत नाही. शिवाय ज्या धर्मांतराला त्यांचा ग्रंथ कायद्यापुढील वर्गीकरणाची एक अडचण म्हणून हाताळतो, ते धर्मांतर घडविणारा माणूसच त्या कायद्याचा प्रमुख शिल्पकार होता. त्याने या अडचणीचा विचार केला नसेल काय? केला होता, आणि मराठीत केला होता. १९३६ च्या 'मुक्ती कोन पथे?' या मुंबईच्या भाषणात, धर्मांतराने राजकीय हक्क जातील या भीतीला बाबासाहेबांनी विस्ताराने उत्तर दिले आहे. राजकीय संरक्षणे कायमची नसतात, त्यांच्यावर विसंबून माणूसपण गहाण ठेवू नये, असा त्याचा रोख होता. नागपूरच्या दीक्षासमारंभातील भाषणातही हा प्रश्न येतो. हे हक्क मी मिळवून दिले आणि पुन्हा मिळवून देईन, असा विश्वास ते देतात. दोन महिन्यांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. या सामग्रीला गॅलँटर यांच्या विवेचनात जागा नाही. एलिनॉर झेलियट यांनी मराठी साधनांवर आयुष्य वेचले, परंतु कायदा हा त्यांचा विषय नव्हता. अनुपमा राव यांच्या २००९ च्या 'द कास्ट क्वेश्चन' या ग्रंथात कायदा आणि मराठी साधने प्रथमच एकत्र आली; तिची भाषा मात्र इतकी दुर्गम आहे की ज्यांच्याविषयी तो ग्रंथ आहे त्यांना तो वाचणे कठीण.

येथे एक अप्रिय बाबही लिहिली पाहिजे, नाहीतर ही चिकित्सा एकांगी होईल. १९३६ च्या ब्रिटिश आदेशात ख्रिस्ती व्यक्तींना सर्वत्र वगळले होते. बौद्धांना वगळले होते ते केवळ बंगाल प्रांतात. म्हणजे त्या आदेशाच्या शब्दांनुसार मुंबई इलाख्यातील एखादा महार १९३६ मध्ये बौद्ध झाला असता, तर तो यादीबाहेर जात नव्हता. १९५० च्या आदेशाने ही सीमा सबंध देशभर पसरवली आणि पंजाबातील चार शीख जातींपुरता अपवाद ठेवला. हा आदेश निघाला तेव्हा बाबासाहेब केंद्रात कायदामंत्री होते. त्या तिसऱ्या परिच्छेदावर मंत्रिमंडळात काय चर्चा झाली, याचा शोध आपल्या संस्थांनी घेतला पाहिजे. श्रद्धेपोटी हा प्रश्न टाळणे बाबासाहेबांना आवडले नसते. १९५६ मध्ये सर्व शिखांना त्या परिच्छेदात स्थान मिळाले. बौद्धांना त्यासाठी १९९० पर्यंत थांबावे लागले.

मधल्या काळात काय झाले, हे जनगणनेवरून कळते. १९५१ मध्ये या प्रदेशात बौद्धांची संख्या जेमतेम अडीच हजार होती. १९६१ मध्ये महाराष्ट्रात ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये राज्यापुरत्या सवलती बौद्धांना लागू केल्या. केंद्राच्या नोकऱ्या, केंद्राच्या शिष्यवृत्त्या आणि राखीव मतदारसंघ मात्र बंद राहिले. जनगणनेच्या कागदावर बौद्ध लिहायचे आणि दाखल्यावर हिंदू महार लिहायचे, अशी दुहेरी नोंद कित्येक घरांनी केली. त्यांना ढोंगी म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. १९६१ मध्ये दाखल्यावरही 'बौद्ध' लिहून मुलाची केंद्राची शिष्यवृत्ती सोडून देणारे बाप आपल्या समाजात होऊन गेले, त्यांचा मान राखावाच. पण ज्याने मुलाला शिकविण्यासाठी 'हिंदू' लिहिले त्याला ढोंगी म्हणण्याआधी, त्याला तसे लिहावयास लावणाऱ्या परिच्छेदाला काय म्हणावे, हे ठरविले पाहिजे. गॅलँटर यांचा ग्रंथ अशा माणसाला ढोंगी म्हणत नाही. हा त्यांचा न्याय्यपणा.

१९९० च्या दुरुस्तीने परिच्छेद तीनमध्ये 'शीख' या शब्दापुढे 'बौद्ध' हा शब्द आला. दाखल्यावर आता बौद्ध लिहिता येते. मात्र त्यासोबत धर्मांतरापूर्वीची जात लिहावी लागते. आपल्या काही मित्रांना हा अपमान वाटतो. जात सोडण्यासाठी धम्म घेतला, तो मिळाला तेव्हा जात दाखल्यावर शिक्क्यासह परत आली, असे ते म्हणतात. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु भंडाऱ्याच्या आणि नागपूरच्या निकालांनंतर त्याचे उत्तर निराळ्या रीतीने देता येईल असे आम्हांस वाटते. दाखल्यावरील तो शब्द बौद्धाच्या चित्ताचे वर्णन म्हणून वाचला तर तो अपमानच. तो गावाच्या चित्ताचे वर्णन म्हणून वाचला, म्हणजे हा माणूस कोण आहे यापेक्षा इतर लोक त्याला काय मानतात याची शासनाने केलेली नोंद म्हणून वाचला, तर तो एक पुरावा आहे, आणि पुरावा आरोपीविरुद्ध असतो. दाखल्याचा नमुना या अर्थाने लिहिलेला नाही, हे खरे. 'धर्मांतरित' हा शब्द अजूनही अर्जदाराचीच हकीकत सांगतो.

इतर धर्मांत गेलेल्या पूर्वाश्रमीच्या अस्पृश्यांना यादीत घ्यावे काय, याचा विचार करण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १९८५ मध्ये सूसाई यांच्या प्रकरणात, धर्मांतरानंतरही तितकीच तीव्र विपन्नता टिकून असल्याचे दाखवा, असे सर्वोच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती चर्मकारास सांगितले होते. तो खटला 'कॉम्पिटिंग इक्वॉलिटीज' प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षातील. तेथेही दाखवावयाचे होते ते त्या चर्मकारानेच. त्याच्याकडे नाक मुरडणाऱ्यांना कोणी साक्षीला बोलाविले नाही.